११० किलो पेट्रोल आणि २७ सेकंद : शर्यतीच्या गाडीतली आग शरीराला काय करते?

गेल्या महिन्यात बीपीच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन घ्यायला आलेल्या एका काकांनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही त्या फॉर्म्युला वनच्या शर्यती बघता ना? आता म्हणे त्यात ग्रीन पेट्रोल घालतात. मग आगीची भीती गेली का हो?"

काकांचं बीपी त्या दिवशी १६०/९४ होतं. कारण थोड्या वेळाने कळलं. त्यांचा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या मुलांनी मिळून शर्यतीची एक छोटी गाडी बनवली आहे, ती कोइमतूरच्या ट्रॅकवर स्पर्धेला न्यायची आहे आणि चालवणार आहे नातू. घरी कोणीतरी काकांना मोबाईलवर २०२० सालच्या बहारीनच्या अपघाताचा व्हिडिओ दाखवला आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

मी शर्यतींचा तज्ज्ञ नाही. रविवारी टीव्हीसमोर बसणारा प्रेक्षक आणि बाकीचे दिवस दवाखान्यात बसणारा साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण भाजलेला माणूस आणि धूर छातीत गेलेला माणूस मी पाहिलेला आहे. काकांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

इंधन बदललं, जळणं तेच

२०२६ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांत शाश्वत स्रोतांपासून बनवलेलं इंधन वापरायचं, असा नियम झाला आहे. म्हणजे जमिनीतून काढलेल्या तेलाऐवजी शेतातला टाकाऊ भाग, शहरातला कचरा किंवा पकडून ठेवलेला कार्बन वायू यांपासून तयार केलेलं. पर्यावरणासाठी ही चांगली गोष्ट आहे. पण ते इंजिनात पेट्रोलसारखंच जळायला हवं, त्यामुळे त्याची घडणही पेट्रोलसारखीच असते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत जाते. इंधन कुठून आलं हे ज्योतीला कळत नाही.

इंधनाचा प्रकार बदलला की आगीचा स्वभाव बदलू शकतो, हे मात्र खरं. अमेरिकेत १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत दुसऱ्याच फेरीला पेट्रोलने भरलेल्या गाड्यांचा भडका उडाला आणि डेव्ह मॅकडोनल्ड व एडी सॅक्स हे दोघे गेले. त्यानंतर तिथे मिथेनॉल रूढ झालं, कारण मिथेनॉलची आग पाण्याने विझवता येते. पण तिची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. १९८१ मध्ये त्याच शर्यतीत पिटमध्ये रिक मिअर्सच्या अंगावर मिथेनॉल सांडून पेटलं, तेव्हा तो जळतोय हे आजूबाजूच्यांना आधी समजलंच नाही. कोविडच्या काळात सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवू नका असं आम्ही डॉक्टर सांगत होतो, त्यामागेही हेच कारण होतं. अल्कोहोलची फिकट ज्योत दिसते कमी आणि भाजते तेवढीच.

वजन किती, आणि कधी

२०२६ च्या नियमांतली दुसरी गोष्ट काकांच्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. नव्या गाडीत जवळपास निम्मी ताकद विजेची असते, त्यामुळे सोबत न्यावं लागणारं इंधन कमी झालं. २०१९ ते २०२५ पर्यंत एका शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलो इंधनाची मुभा होती. म्हणजे साधारण दीडशे लिटर. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. ऊर्जेचा हिशेब केला तर ११० किलो पेट्रोल म्हणजे सुमारे सात भरलेले सिलिंडर, आणि ते सगळे चालकाच्या पाठीला लागून.

मधल्या काळात फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीच्या मध्येच इंधन भरता येत असे. १९९४ मध्ये हे सुरू झालं आणि त्याच वर्षी जर्मनीत हॉकेनहाइमला योस व्हर्स्टापेनच्या गाडीवर पेट्रोल उडून सगळी पिट पेटली. चालक आणि काही मेकॅनिक भाजले, पण सगळे वाचले. २०१० पासून ही पद्धत बंद झाली, म्हणजेच गाडी पूर्ण शर्यतीचं इंधन घेऊन सुटू लागली. २०२५ मध्ये पुन्हा मोठ्या आवाजाची व्ही-१० किंवा व्ही-८ इंजिनं आणण्याची चर्चा झाली. विजेचा वाटा कमी करून मोठं इंजिन बसवलं तर पेट्रोल जास्त लागणार, आणि मग एकतर टाकी जड होणार, नाहीतर मध्येच भरणं परत येणार. मला विचाराल तर बंद टाकीतलं जड इंधन परवडलं. नळीतून सेकंदाला काही लिटर वेगाने ओतलं जाणारं पेट्रोल, शेजारी तापलेलं एक्झॉस्ट आणि भोवती वीसेक माणसं हे दृश्य टीव्हीवर थरारक दिसतं, पण डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर पोटात गोळा येतो.

जड टाकीचा खरा त्रास वेळेचा आहे. टाकी सर्वांत भरलेली असते ती शर्यत सुटताना, आणि गाड्यांची गर्दीही नेमकी तेव्हाच असते. गाडी जड, ब्रेक आणि टायर पुरते तापलेले नाहीत, एकमेकांत अंतर हातभर. निकी लाउडाचा १९७६ चा न्युर्बुर्गरिंगचा अपघात दुसऱ्या फेरीत झाला. गेरहार्ड बर्गर १९८९ मध्ये इमोलाला भिंतीवर आदळला तेव्हा चौथी फेरी चालू होती. रोमां ग्रोजाँ तर पहिल्याच फेरीत. शर्यतीच्या पहिल्या फेरीला डॉक्टरांची गाडी स्पर्धकांच्या मागोमाग धावते, ती याचसाठी.

गळती कुठून होते, यावर सगळं

एवढं असूनही नुसतं वजन आग लावत नाही. टाकीत बंद असलेलं इंधन जळत नाही, बाहेर आलेलं जळतं. १९७० पासून फॉर्म्युला वनमध्ये पत्र्याच्या टाकीऐवजी रबराच्या पिशवीसारखी टाकी सक्तीची झाली. आताची पिशवी केव्हलारच्या धाग्यांनी मजबूत केलेली असते, लष्करी हेलिकॉप्टरच्या टाक्यांसारखी. ती दबते, वाकते, पण सहजासहजी फाटत नाही. अडचण येते ती तोंडाशी, जोडाशी, झाकणाशी.

बहारीनला नेमकं तेच झालं. २९ नोव्हेंबर २०२०. ग्रोजाँची गाडी दुसऱ्या गाडीला घासून वळली आणि ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. गाडीचे दोन तुकडे झाले. नंतरच्या चौकशीत आढळलं की टाकीवरचं तपासणीचं झाकण उखडलं होतं आणि इंधन वाहून नेणारा जोड तुटला होता. मुख्य गळती तिथून झाली. आग मागून सुरू झाली आणि पुढे चालकाकडे सरकत गेली. २७ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी बाहेर आला. एक बूट आतच अडकून राहिला.

याच्या उलट २०२२ ची सिल्व्हरस्टोनची शर्यत आठवा. शर्यत सुटता सुटताच चीनच्या झोऊ ग्वानयूची गाडी उलटी झाली, डोक्यावरची कमान तुटली, गाडी तशीच घसरत गेली आणि टायरच्या भिंतीवरून उडून जाळीत अडकली. टाकी भरलेली होती. बघताना वाटलं, संपलं. पण आग लागली नाही, चालक धडधाकट बाहेर आला. त्या वर्षीपासून इंजिन तुटून वेगळं झालं तरी टाकी उघडी पडू नये, असे नियम आले होते. काकांना मी हेच सांगितलं: किती लिटर आहे हे विचाराच, पण त्याआधी कुठून गळेल आणि बाहेर पडायला किती वेळ लागेल हे विचारा.

हात का भाजले?

आगीत २७ सेकंद काढलेल्या ग्रोजाँचा चेहरा शाबूत होता, छाती-पाठ शाबूत होती. भाजली ती दोन्ही हातांची मागची बाजू. बर्गरचेही इमोलाला हात भाजले होते, आणि तरी तो एकच शर्यत चुकवून परत गाडीत बसला. हा योगायोग म्हणता येत नाही.

त्वचेला ४४ अंशांच्या वर इजा व्हायला लागते. ६० अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते, ७० अंशांना सेकंदभरात. पेट्रोलची ज्योत याच्या कितीतरी पट गरम. चालकांच्या अंगावरचा पोशाख नोमेक्ससारख्या धाग्याचा असतो. तो वितळत नाही, जळून कडक होतो आणि थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. आत त्याच धाग्याचे बनियन, पायमोजे आणि डोक्यावर टोपडं असतं. २०१८ च्या नव्या मानकात उष्णता अडवून धरण्याची अट आधीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कडक केली गेली. पण कुठलाही पोशाख अभेद्य नसतो. तो फक्त काही सेकंद विकत घेऊन देतो.

हातमोजे मात्र पातळ ठेवावे लागतात, कारण स्टिअरिंगवरची बटणं बोटांना जाणवली पाहिजेत. आणि बाहेर पडताना माणूस हातांनीच रेटा देतो, हातच ज्योतीत जातात. तळहाताची कातडी जाड असते, पण हाताच्या पाठीवरची पातळ. स्वतःच्या हाताची पाठ चिमटीत पकडून पाहा. खाली लगेच शिरा आणि बोटं सरळ करणारे स्नायूंचे दोर लागतात. तिथे खोल भाजलं तर जखम भरूनही बोटं आखडतात. म्हणून टक्केवारीने 'थोडंच' भाजलं असलं तरी हात, चेहरा, पाय, जननेंद्रियं आणि सांधे इथलं भाजणं आम्ही लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवतो. बोटांसकट स्वतःचा पंजा म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का, असा अंदाज घरी करता येतो. दोन्ही हातांची पाठ भाजली तर तो आकडा लहानच येईल. त्यावर जाऊ नका.

ज्वाळेपेक्षा धूर

लाउडाचा चेहरा आणि कान भाजलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण रुग्णालयात त्याच्या जिवावर बेतलं होतं ते फुप्फुसांत गेलेल्या विषारी वायूंमुळे. आदळताना त्याचं हेल्मेट निसटलं होतं. चार सहकारी चालकांनी स्वतःच्या गाड्या थांबवून त्याला ओढून काढलं आणि सहा आठवड्यांत तो इटलीत मॉन्झाला शर्यत चालवून चौथा आला. मला आजही हे वेडेपणाचं वाटतं, आणि थक्क करणारंही.

रॉजर विल्यमसनला ते नशीब मिळालं नाही. १९७३, हॉलंडमधलं झांडव्होर्ट. गाडी उलटून पेटली, तो आत अडकला. डेव्हिड पर्ली हा चालक एकटाच धावत गेला, गाडी सरळ करायला धडपडत राहिला. मदतनिसांकडे आगीत शिरण्याचे कपडेच नव्हते. विल्यमसन गुदमरून गेला.

बंद आगीत काय होतं ते समजून घ्या, कारण हे घरातल्या आगीलाही लागू आहे. जळत्या रबर-प्लास्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड वायू निघतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणूस भाजलेला दिसत नाही, पण डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं बोलतो. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो: या विषबाधेत साधा ऑक्सिमीटर फसतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायूचं रक्त सारखंच लाल दिसतं, आणि तो आरामात ९८ दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून रुग्णाला घरी ठेवू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात होतो. उपचार आहे, पण रुग्णालयात.

दुसरा धोका उशिरा येतो. गरम धूर आत ओढला की घशाची आतली सूज काही तासांनी वाढते. आवाज घोगरा झाला, थुंकीत काजळी आली, नाकातले केस जळलेले दिसले, चेहरा भाजला, तर माणूस चालत-बोलत असला तरी त्याला तातडीने नेलंच पाहिजे. "बरं वाटतंय, उद्या बघू" या वाक्याने घात होतो.

नव्या गाड्यांत याच्या जोडीला विजेची बॅटरी आली आहे. बहारीनच्या अपघातात तीही फुटली होती. लिथियमची बॅटरी विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते आणि तिचा धूर फार घातक. शिवाय उच्च दाबाची वीज. म्हणून फॉर्म्युला वनच्या गाडीवर हिरवा दिवा दिसल्याशिवाय मदतनीस तिला हात लावत नाहीत. पेट्रोल कमी आणि बॅटरी मोठी, या अदलाबदलीत धोका कमी झाला असं मी म्हणणार नाही. त्याचं रूप बदललं.

नातवाच्या गाडीत

कॉलेजच्या मुलांच्या गाडीत इंधन असतं जेमतेम काही लिटर. त्या स्पर्धांच्या नियमात चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे, आगरोधक पोशाख सक्तीचा, ट्रॅकवर अग्निशामक घेऊन माणसं उभी. फॉर्म्युला वनमध्ये ही मुदत सात सेकंद आहे. त्यामुळे ट्रॅकवरच्या नातवाची मला फारशी काळजी वाटली नाही, आणि तसं मी काकांना स्पष्ट सांगितलं.

मला काळजी वाटते ती वर्कशॉपची. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. रात्री अकरा वाजता, उद्या गाडी द्यायची म्हणून घाई, गरम इंजिनाशेजारी बाटलीतून पेट्रोल ओतताना भडका. अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट, हातात मोजे नाहीत. मित्रांनी त्याच्या हातावर टूथपेस्ट थापली होती. ती काढताना त्याला जे दुखलं, ते भाजण्यापेक्षा कमी नव्हतं. दोन बोटं सरळ व्हायला त्याला चार महिने व्यायाम करावा लागला.

तिथे कोणी ११० किलो पेट्रोल ठेवलं नव्हतं. पाव लिटर असेल.

म्हणून काकांना प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही आणि बाटलीतून तर कधीच नाही. अंगात सुती कपडे. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर पडून लोळायचं, तोंड हातांनी झाकायचं. विझल्यावर अंगठी, घड्याळ, कडं लगेच काढायचं, सूज आली की निघत नाही. पेट्रोलने भिजलेले कपडे उतरवायचे, कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढायचं नाही. भाजलेल्या भागावर नळाचं साधं गार पाणी २० मिनिटं, घड्याळ लावून. उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांत त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही नको. फोड फोडायचे नाहीत. भाजलेला भाग मोठा असेल तर बाकीचं अंग पांघरुणाने उबदार ठेवायचं, नाहीतर थंडी भरते. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून रुग्णालय, १०८ किंवा ११२ ला फोन. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवायचं.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "आणि माझ्या गोळ्या?" गोळ्या तशाच ठेवल्या, फक्त आठवड्याने परत बोलावलं. तेव्हा बीपी १३८/८६ होतं. नातवाने वर्कशॉपमधला फायर एक्स्टिंग्विशर उचलून पाहिला होता. काटा लाल पट्ट्यात होता. आता नवा आणलाय म्हणाले, कॉलेजने पैसे दिले नाहीत, मुलांनी वर्गणी काढली.